संगणकाची डागडुजी : प्रणाली न बदलता

१२ मे २०१७ रोजी इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या अनेक रुग्णालयांत संगणकांच्या पडद्यांवर खंडणीची सूचना झळकली. ‘वॉनाक्राय’ या नावाने पुढे कुप्रसिद्ध झालेल्या एका उपद्रवी आज्ञावलीने त्या संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या होत्या, आणि कुलूप उघडून हवे असेल तर पैसे भरा, असे बजावले होते. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर केलेल्या चौकशीनुसार इंग्लंडमधील २३६ आरोग्य न्यासांपैकी किमान ८० न्यासांना या प्रकाराची झळ पोचली आणि रुग्णांच्या ठरलेल्या निदान ६,९१२ भेटी रद्द झाल्या.

प्रथमदर्शनी असा समज झाला की, रुग्णालये विंडोज एक्सपीसारख्या जुनाट प्रणालीला चिकटून राहिल्याचे हे फळ आहे. वस्तुस्थिती काहीशी निराळी होती. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रांवर विंडोज ७ ही प्रणाली होती आणि तिच्या देखभालीची मुदत तेव्हा संपलेली नव्हती. ज्या उणिवेतून वॉनाक्रायने शिरकाव केला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे ५९ दिवस आधी, उपलब्ध करून दिली होती. त्या यंत्रांना नवी प्रणाली नव्हे, तर एक लहानशी दुरुस्ती हवी होती, आणि ती बसविली गेली नव्हती.

या दोन गोष्टींची गल्लत सर्वत्र होताना दिसते. ‘संगणक अद्ययावत करणे’ हा एकच शब्दप्रयोग दोन्हींसाठी वापरला जातो, हेही त्याचे एक कारण असावे. सुरक्षा-दुरुस्ती ही एखाद्या आज्ञावलीतील नेमका दोष काढून टाकते. बाकी सारे होते तसेच राहते. प्रणालीचे उन्नयन म्हणजे मात्र संपूर्ण संचालन-प्रणालीच्या जागी तिची पुढची आवृत्ती आणणे. त्यात पडद्याचे रूप पालटते, फाइलींच्या जागा बदलतात, जुनी यंत्रे कधी ओळखली जात नाहीत आणि वर्षानुवर्षे चालत आलेली एखादी हिशेबाची आज्ञावली अचानक हटून बसते. रुग्णालयातील क्ष-किरण यंत्राला जोडलेला संगणक ठरावीक आवृत्तीसह तपासून घेतलेला असतो. त्याची प्रणाली वाटेल तेव्हा बदलता येत नाही. अशा ठिकाणी उन्नयनाची भीती रास्तच आहे. घोटाळा होतो तो ही भीती दुरुस्तीलाही लागू केल्यामुळे.

इंग्रजीत दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात. आज्ञावल्या जेव्हा छिद्रित कागदी फितींवर असत, तेव्हा चुकीचे छिद्र बुजविण्यासाठी वरून खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवीत. तेथून हा शब्द आला. मराठीतील ‘ठिगळ’ हा त्याचा अचूक प्रतिशब्द, पण त्याला दारिद्र्याची छटा आहे आणि ती येथे गैरलागू आहे. चांगले ठिगळ लावणे हे या क्षेत्रातील अत्यंत कौशल्याचे काम मानले जाते.

ते कसे केले जाते, हे पाहण्यासाठी ‘डेबियन’ या प्रणालीचे उदाहरण सोयीचे आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेली ही लिनक्स प्रणाली आजही जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. साधारणतः दोन वर्षांनी तिची एक ‘स्थिर’ आवृत्ती निघते. एकदा ती निघाली की तिच्यातील हजारो आज्ञावल्या आपापल्या जागी गोठविल्या जातात. मूळ लेखकांनी पुढे कितीही नव्या सोयी निर्माण केल्या तरी त्या या आवृत्तीत येत नाहीत. गंभीर दोष सापडल्यास मात्र त्याचा तेवढाच उपाय जुन्या आवृत्तीत ‘मागे नेऊन’ बसविला जातो. अशा दुरुस्त्यांसाठी डेबियनने स्वतंत्र भांडार ठेवलेले आहे.

एप्रिल २०१४ मध्ये या पद्धतीची मोठी परीक्षा झाली. ‘ओपनएसएसएल’ नावाचा आज्ञावलींचा एक संग्रह असून, इंटरनेटवरील गुप्त संभाषणाचा मोठा भाग त्याच्यावर अवलंबून असतो. दोन संगणकांनी ‘तू जागा आहेस ना?’ असे एकमेकांना विचारण्याची सोय त्यात होती. विचारणारा काही अक्षरे पाठवी आणि ती किती आहेत हे सांगे. उत्तर देणारा तितकीच अक्षरे परत करी. सांगितलेली संख्या खरी आहे की नाही, हे मात्र तो पडताळून पाहत नसे. चार अक्षरे पाठवून चौसष्ट हजार पाठविल्याचे सांगितले, तर तो बिचारा आपल्या स्मृतीतील शेजारची अक्षरे भरून हिशेब पुरा करी, आणि त्या शेजारी परवलीचे शब्द किंवा गुप्त किल्ल्याही असू शकत. हा दोष ‘हार्टब्लीड’ या नावाने ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला.

मूळ लेखकांनी दोष काढून १.०.१ जी ही नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. डेबियनच्या तत्कालीन स्थिर आवृत्तीत, म्हणजे ‘व्हीझी’मध्ये, १.०.१ ई ही आवृत्ती होती. डेबियनच्या सुरक्षा-गटाने मधल्या आवृत्त्यांतील इतर कोणतेही बदल घेतले नाहीत. संख्या पडताळून पाहणारी तपासणी तेवढी उचलून १.०.१ ई मध्ये बसविली आणि मूळ क्रमांकाच्या शेपटाला फक्त स्वतःची खूण जोडली. व्हीझीच्या आधीच्या ‘स्क्वीझ’ या आवृत्तीला तर या दोषाची बाधाच नव्हती, कारण तिच्यातील जुन्या ओपनएसएसएलमध्ये ती ‘जागा आहेस ना’ची सोयच नव्हती. नवे ते सुरक्षित आणि जुने ते धोक्याचे, हे समीकरण किती ढोबळ आहे, ते यावरून दिसते.

या पद्धतीमुळे एक चमत्कारिक अडचण उद्भवते. केवळ क्रमांक पाहून संगणकांची तपासणी करणारा निरीक्षक १.०.१ ई असे वाचतो आणि यंत्र सदोष असल्याचा शेरा मारतो. वास्तविक ते दुरुस्त झालेले असते. म्हणून प्रत्येक जाहीर दोषाला जो सार्वत्रिक ओळख-क्रमांक दिला जातो (हार्टब्लीडचा सीव्हीई-२०१४-०१६०), तो आपल्या आज्ञावलीच्या बदलांच्या नोंदीत आहे की नाही, हे पाहणे अधिक भरवशाचे.

दुसरा सापळा नावांचा आहे. दुरुस्त्या कोठून घ्यावयाच्या, हे डेबियनच्या संगणकात एका छोट्या यादीत लिहिलेले असते. तेथे ‘व्हीझी’ असे विशिष्ट नाव लिहिले, तर त्याच आवृत्तीच्या दुरुस्त्या येत राहतात. पण कित्येक जण तेथे नुसते ‘स्टेबल’, म्हणजे ‘स्थिर’, असे लिहितात. ते कोणत्याही एका आवृत्तीचे नाव नाही; त्या वेळी जी स्थिर असेल तिची ती पदवी आहे. ४ मे २०१३ रोजी ही पदवी स्क्वीझकडून व्हीझीकडे गेली, आणि यादीत ‘स्टेबल’ लिहिणाऱ्याला पुढच्या खेपेस दुरुस्तीऐवजी संपूर्ण नवी प्रणाली पुढ्यात येऊन उभी राहिलेली दिसली असेल. ज्याला फक्त सुरक्षा-दुरुस्त्या हव्या आहेत, त्याने आवृत्तीचे नाव स्पष्ट लिहावे. केवळ सुरक्षा-भांडारातील दुरुस्त्या आपोआप बसविण्याचीही सोय डेबियनमध्ये आहे, आणि ज्या कार्यालयात रोज लक्ष घालणारा जाणकार नाही, तेथे ती वापरणे शहाणपणाचे ठरते.

दुरुस्ती बसविली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. संगणक चालू असताना आज्ञावलीची एक प्रत स्मृतीत वावरत असते. तबकडीवरील प्रत दुरुस्त झाली, तरी स्मृतीतील जुनी प्रत तशीच काम करीत राहते. संबंधित सेवा थांबवून पुन्हा सुरू केल्या तरच नवी प्रत वापरात येते. प्रणालीच्या गाभ्यातील दुरुस्तीसाठी सहसा संपूर्ण यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. चालत्या गाभ्यातच दुरुस्ती घालण्याची सोय २०१५ मध्ये लिनक्सच्या ४.० या आवृत्तीत आली, पण तिचा उपयोग मुख्यतः मोठ्या संस्थांनाच होतो. हार्टब्लीडच्या बाबतीत आणखी एक पायरी होती. पूर्वीच गळून गेलेल्या किल्ल्या दुरुस्तीमुळे परत येत नाहीत; त्या बदलाव्याच लागल्या.

गोठविलेल्या आज्ञावलीत दुसऱ्याने हात घालणे हे जोखमीचेही असते. २००६ साली डेबियनमध्येच, एका तपासणी-साधनाच्या तक्रारी थांबविण्याच्या हेतूने, ओपनएसएसएलमधील काही ओळी वगळण्यात आल्या. त्यामुळे गुप्त किल्ल्यांसाठी लागणाऱ्या अनपेक्षित संख्या अगदीच अपेक्षित होऊन बसल्या. एका जातीच्या आणि लांबीच्या जेमतेम ३२,७६७ किल्ल्या शक्य उरल्या, आणि मे २००८ पर्यंत ते कोणाच्या ध्यानात आले नाही. हा बदल सुरक्षा-दुरुस्ती म्हणून केलेला नव्हता, हे खरे. तरी परक्याच्या आज्ञावलीत कात्री चालविताना किती जपावे लागते, याचा तो दाखला आहे. वेब पाहण्याच्या आज्ञावलींसारख्या काही आज्ञावल्या तर इतक्या झपाट्याने बदलतात की, उपाय मागे नेणे आवाक्याबाहेर जाते. तेथे डेबियनही नाइलाजाने नवी आवृत्तीच देते.

शिवाय हे मागे नेण्याचे काम कोणी तरी करीत असते तोवरच ही सारी व्यवस्था चालते. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. वॉनाक्रायच्या वेळी मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी दुरुस्ती दिली, पण तो अपवाद होता आणि तीही हल्ला सुरू झाल्यानंतर आली. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. व्हीझीला वाढीव मुदत मिळाली होती, तीही मे २०१८ अखेर सरली. त्यानंतर मालकाला उन्नयन टाळता येत नाही, आणि ज्याने ते फार काळ लांबविले त्याला जिने अधिक चढावे लागतात. डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळून पुढे जाण्याची मुभा नाही. व्हीझीवरून २०१७ च्या ‘स्ट्रेच’वर जाऊ पाहणाऱ्याला आधी २०१५ च्या ‘जेसी’वर यावे लागते, तेथे सर्व काही नीट चालते की नाही ते पाहावे लागते, आणि दोन्ही वेळा निघण्यापूर्वी आपल्या फाइलींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी लागते.