मनाचे आरोग्य : आहार आणि व्यायाम यांचा वाटा

झोप न लागणे, छातीत धडधडणे, कारणावाचून काळजी वाटणे किंवा कशातच रस न उरणे, ही लक्षणे दिसू लागली की खेड्यात दृष्ट काढली जाते आणि शहरात आळशीपणाचा ठपका ठेवला जातो. वास्तविक चिंताविकार व नैराश्य हे आजार असून त्यांवर औषधोपचार व समुपदेशन उपलब्ध आहे. त्यांना आहार आणि व्यायाम यांची जोड दिल्यास लाभ होतो, असे अभ्यासकांना आढळून आले आहे.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशी गाठलेल्या व ओलांडलेल्या १५६ नैराश्यग्रस्तांपैकी काहींना औषध, काहींना व्यायाम व उरलेल्यांना दोन्ही देण्यात आले. औषधाचा गुण लवकर दिसला, परंतु १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखीच होती. चिंताग्रस्त माणसाला व्यायामाचा आणखी एक उपयोग होतो. भरभर चालताना श्वास फुलतो, छाती धडधडते, आणि तरीही काही अनिष्ट घडत नाही, हे शरीर अनुभवाने शिकते. मग त्याच लक्षणांचे भय हळूहळू कमी होऊ लागते.

दिवसभर शेतात राबणाऱ्याने निराळा व्यायाम कशासाठी करावा, असा प्रश्न येथे कोणीही विचारील, आणि तो रास्तच आहे. मात्र स्वेच्छेने केलेल्या हालचालीचा मनःस्वास्थ्याशी जसा अनुकूल संबंध आढळतो, तसा पोटासाठी कराव्या लागणाऱ्या कष्टांचा आढळत नाही. भजनाला चालत जाणे किंवा सायंकाळी मुलांबरोबर खेळणे यांचे मोल म्हणूनच वेगळे आहे. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाची दिशाही अशीच होती. प्रशिक्षित, परंतु डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी ६ ते ८ भेटींत रुग्णांना आवडीची व उपयोगी कामे पुन्हा सुरू करण्यास साहाय्य केले. तीन महिन्यांनी त्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

आहाराविषयीचा पुरावा त्या मानाने तोकडा आहे. ऑस्ट्रेलियात ६७ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात (२०१७) भाज्या, फळे, कडधान्ये व मासे यांवर भर देणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्ण १२ आठवड्यांत नैराश्यातून बाहेर आले. तेथे ऑलिव्ह तेल वापरले म्हणून आपण त्याच्या शोधात निघण्याचे कारण नाही. नाचणीची भाकरी, चवळी, मूग, पालेभाजी आणि मत्स्याहारींना बांगडा किंवा तारली, एवढे घरचेच पुरेसे आहे. शाकाहारी व्यक्तींत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळदा असते व तीमुळेही मन खिन्न होते. तिचे निदान रक्ततपासणीने होते. वारंवार घेतलेल्या चहाने धडधड वाढते. दारूने तात्पुरते बरे वाटले, तरी झोप बिघडते आणि नैराश्य बळावते.

चालू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नयेत. मनात आत्महत्येचे विचार येत असल्यास आहार-व्यायामाची वाट न पाहता त्वरित रुग्णालय गाठावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.