स्पष्टवक्ता ज्येष्ठ खेळाडू आणि फुटबॉलचा मॅनेजर : एका वाग्व्यवहाराचा विचार

एखादा माणूस ‘तोंडावर बोलतो’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या म्हणण्यात बहुधा प्रशंसेची छटा असते. त्यानेच घरातली गोष्ट ‘चव्हाट्यावर मांडली’ असे म्हणतो तेव्हा निंदेची छटा येते. दोन्ही प्रसंगी उच्चारलेली वाक्ये अक्षरशः तीच असू शकतील. फरक पडतो तो ती कोठे आणि कोणासमोर उच्चारली ह्यामुळे. मराठी भाषकाने ह्या दोन वाक्प्रचारांत मजकुराचा निवाडा न करता स्थळाचा व श्रोत्यांचा निवाडा करून ठेवला आहे. प्रस्तुत लेखात हाच भेद आधाराला घेऊन वरवर पाहता भाषाशास्त्राशी संबंध नसलेल्या एका क्षेत्राचा विचार करावयाचा आहे. गुणवान परंतु फटकळ अशा ज्येष्ठ खेळाडूला इंग्लंडमधील फुटबॉल संघांचे मॅनेजर कसे हाताळतात, काही वेळा त्याचे बोलणे वर्षानुवर्षे सोसून एके दिवशी त्याला एकाएकी निरोप का देतात, हा तो प्रश्न होय.

प्रथम ‘मॅनेजर’ ह्या पदाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडे हा शब्द हिशेब व प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याला लावतात. इंग्लिश फुटबॉलच्या रूढ परंपरेत मात्र संघाची निवड, डावपेच, सराव आणि शिस्त ही सारी कामे ह्या एकाच व्यक्तीकडे येतात. सामन्यात कोणी खेळावयाचे हे तोच ठरवतो. त्याचा अधिकार मोठा असला तरी तो अस्थिर असतो, कारण लागोपाठच्या पराभवांनी तो केव्हाही संपुष्टात येऊ शकतो. ज्येष्ठ खेळाडूची स्थिती ह्याच्या उलट असते. त्याला कोणताही लेखी अधिकार नसतो, पण जिंकलेल्या सामन्यांनी व गेलेल्या वर्षांनी त्याच्या शब्दाला वजन आलेले असते. ह्यात आणखी एक विसंगती आहे. वयपरत्वे त्याच्या पायांतील बळ घटत जाते त्याच काळात त्याच्या शब्दाचे वजन वाढत असते. मैदानावर जे करून दाखवता येत नाही ते बोलून दाखवण्याचा मोह अशा वेळी स्वाभाविक होय.

ह्या वाग्व्यवहाराच्या विवेचनास उपयोगी पडेल अशी एक संज्ञा आपल्या साहित्यशास्त्रात तयार आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात अर्थ कोणकोणत्या विशेषांमुळे व्यंजक होतो त्यांची गणना केली आहे. वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलावयाचे तो, काकू, वाक्य, वाच्य, अन्यसन्निधी, प्रस्ताव, देश, काल इत्यादी. ह्यांपैकी ‘अन्यसन्निधी’ म्हणजे वक्ता आणि बोद्धव्य ह्यांखेरीज तिसऱ्या कोणाची तरी उपस्थिती. मम्मटाने दिलेल्या उदाहरणात एक स्त्री आपल्या सासूच्या जाचाचे गाऱ्हाणे सांगते आणि विसावा मिळालाच तर तो संध्याकाळी क्षणभर, असे म्हणते. ऐकणारीला ते गाऱ्हाणेच वाटते, परंतु जवळच तटस्थपणे उभ्या असलेल्या व्यक्तीला त्यातून भेटीची वेळ कळते. वाक्य एकच असूनही तिसऱ्याच्या सान्निध्यामुळे त्याचे कार्य पालटले. मम्मटाचा विषय काव्यातील व्यंजना हा आहे. येथे त्याची संज्ञा त्या मर्यादेबाहेर नेली आहे, ह्याची जाणीव ठेवून पुढील विवेचन वाचावे. आधुनिक भाषाशास्त्रातही जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत बोलणे ही एक कृतीच असते हा विचार मांडला. आणि ॲलन बेल ह्यांनी १९८४ मध्ये, वक्ता आपली शैली मुख्यतः श्रोतृवर्गाकडे पाहून घडवतो, असे प्रतिपादन केले. ह्या विचारांचा रोखही त्याच दिशेने आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आयर्लंडचा रॉय कीन हा मध्यरक्षक १९९३ साली नॉटिंगहॅम फॉरेस्ट संघातून मँचेस्टर युनायटेडमध्ये आला. ॲलेक्स फर्ग्युसन हे त्या संघाचे १९८६ पासून २०१३ पर्यंत मॅनेजर होते. १९९७ साली कीन कर्णधार झाला. त्या संघाकडून त्याने सात वेळा इंग्लिश लीगचे अजिंक्यपद मिळवले. एप्रिल १९९९ मध्ये तुरीन येथे युव्हेंटसविरुद्ध उपान्त्य सामन्याच्या परतफेरीत संघ दोन गोलांनी मागे पडला असता पहिला गोल कीनने केला आणि युनायटेडने तो सामना ३–२ असा जिंकला. अशा माणसाची जीभ तिखट होती हे सर्वज्ञात होते. सहकाऱ्याने अंगचोरी केली की तो त्याला तेथल्या तेथे सुनावत असे. फर्ग्युसन ह्यांनी हा स्वभाव दडपण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी त्याला पद दिले. कर्णधारपदामुळे फटकळपणाचे रूपांतर कर्तव्यात झाले. मॅनेजरला बोलावे लागले असते ते ड्रेसिंग रूममध्ये कर्णधारच बोलू लागला. स्वतः फर्ग्युसन बंद दाराआड अत्यंत कठोर बोलत. परंतु आपल्या खेळाडूंवर जाहीर टीका करावयाची नाही, असा त्यांचा शिरस्ता होता.

नोव्हेंबर २००० मध्ये डायनॅमो कीव्हविरुद्धचा सामना संपल्यावर कीनने आपल्याच मैदानावरील काही प्रेक्षकांवर जाहीर टीका केली. कोळंबीचे सँडविच खाण्यात दंग असलेल्या त्या मंडळींना मैदानावर काय चालले आहे ह्याचा पत्ताही नसतो, असा तिचा आशय होता. ह्या उद्गारावरून श्रीमंत, बेफिकीर प्रेक्षकांना उद्देशून एक वाक्प्रचारच इंग्रजीत रूढ झाला. हे बोलणे जाहीर होते आणि बोचरेही होते. तरीही कीनचे कर्णधारपद अबाधित राहिले. ह्याचे कारण उघड आहे. ह्या बोलण्यात जगाला साक्षी ठेवून सहकाऱ्यांचा अथवा मॅनेजरचा न्याय केलेला नव्हता.

२००५ च्या शरद ऋतूत परिस्थिती वेगळी झाली. २९ ऑक्टोबर रोजी मिडल्सब्रोने युनायटेडचा ४–१ असा पराभव केला. पायाच्या दुखापतीमुळे कीन त्या सामन्यात खेळला नव्हता. क्लबच्या स्वतःच्या दूरचित्रवाणी वाहिनीवरील एका कार्यक्रमासाठी त्याने सामन्याचे परीक्षण ध्वनिमुद्रित केले आणि त्यात काही सहकाऱ्यांवर नावे घेऊन टीका केली. क्लबने तो कार्यक्रम प्रक्षेपित केला नाही. पण त्यातील मजकुराचा सुगावा वृत्तपत्रांना लागला. खेळाडूंना एकत्र बसवून ती फीत पाहण्यात आली. तेथे मॅनेजर व त्यांचे साहाय्यक ह्यांच्याशी कीनची शब्दाशब्दी झाली. १८ नोव्हेंबर २००५ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, उभयपक्षी संमतीने तो क्लबमधून बाहेर पडला. बारा वर्षे ज्या जिभेचा संघाला उपयोग झाला तीच जीभ तीन आठवड्यांत असह्य ठरली.

जे सहकाऱ्यांच्या तोंडावर नेहमी बोलले जात होते त्याहून निराळे असे त्या फितीत फारसे काही नव्हते, अशी कीनची बाजू होती. ती खरी धरली तरी प्रश्न सुटत नाही, उलट तो नेमका होतो. मजकूर तोच असेल तर बदलले काय? बदलली ती अन्यसन्निधी. ड्रेसिंग रूममधील वाक्याचा बोद्धव्य हा चुकलेला खेळाडू असतो आणि त्या वाक्याचे कार्य सुधारणा हे असते. वाहिनीसाठी उच्चारलेल्या त्याच वाक्याचा बोद्धव्य प्रेक्षक होतो, चुकलेला खेळाडू ‘तो’ ह्या तृतीय पुरुषात जातो आणि वाक्याचे कार्य निवाडा हे होते. निवाडा देण्याचा अधिकार संघात कोणाचा, हा प्रश्न त्या क्षणी सर्वांसमक्ष उभा राहतो. मॅनेजरने मौन धरले तर ती संमती ठरते. त्याने उत्तर दिले तर वाद दोन समान पक्षांचा होतो. दोन्ही मार्गांनी त्याचे पद उणावते. म्हणून मजकूर खरा आहे की खोटा ह्याचा विचार न करता तो वक्त्यालाच दूर करतो.

हे स्पष्टीकरण कितपत टिकते ते अन्य उदाहरणांवरून पाहता येईल. २५ जानेवारी १९९५ रोजी एरिक कॅन्टोना ह्या युनायटेडच्याच फ्रेंच खेळाडूने लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर एका प्रेक्षकाला उडी मारून लाथ घातली. त्याच्यावर त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी आली. फर्ग्युसन ह्यांनी त्याला सोडले नाही. निराश होऊन तो निघून गेला असता पॅरिसला जाऊन त्याचे मन वळवले. पुढच्याच हंगामात, १९९५–९६ मध्ये, संघाने लीग व एफ. ए. कप ही दोन्ही अजिंक्यपदे मिळवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच क्लबच्या क्रिस्तियानो रोनाल्डोने टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरण्यास नकार दिला आणि सामना संपण्यापूर्वीच तो निघून गेला. मॅनेजर एरिक टेन हाग ह्यांनी पुढच्या सामन्यातून त्याला वगळले. पण त्याच महिन्यात तो संघात परतला आणि ६ नोव्हेंबरला ॲस्टन व्हिलाविरुद्ध कर्णधारही होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका दूरचित्रवाणी मुलाखतीत, आपल्याला ह्या मॅनेजरविषयी आदर नाही, असे त्याने सांगितले. २२ नोव्हेंबर रोजी त्याचा करार संपवण्यात आला. लाथ आणि आज्ञाभंग ह्या कृती जगासमोर घडल्या असूनही क्षम्य ठरल्या, कारण त्यांना नियमांत ठरलेला दंड होता आणि तो देणाऱ्याचा अधिकार त्या दंडाने दृढच झाला. सर्वांसमक्ष दिलेल्या निवाड्याला असा दंड नसतो.

येथपर्यंतच्या विवेचनावरून दोष नेहमी खेळाडूचाच असतो असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. १९७४ साली ब्रायन क्लफ हे लीड्स युनायटेडचे मॅनेजर झाले. नुकतेच लीगविजेते ठरलेल्या त्या संघात बिली ब्रेम्नर, जॉनी जाइल्स, नॉर्मन हंटर असे मातब्बर ज्येष्ठ खेळाडू होते. तुमची पदके गैरमार्गाने मिळवलेली आहेत, ती कचऱ्यात टाका, अशा अर्थाचे उद्गार क्लफ ह्यांनी प्रारंभीच सर्वांसमोर काढल्याचे त्या खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. दार बंद होते. परंतु तेथील प्रत्येक खेळाडूला अन्य सारे खेळाडू हीच अन्यसन्निधी होती. सहा लीग सामन्यांत एकच विजय मिळाला आणि चव्वेचाळीस दिवसांत क्लफ ह्यांना जावे लागले. ह्याच क्लफनी पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७९ व १९८० साली युरोपियन कप मिळवून दिला, आणि १९९० साली तरुण कीनला इंग्लंडमध्ये आणणारेही तेच.

सर्वांत बोधप्रद प्रसंग २००२ च्या विश्वचषकापूर्वीचा आहे. पॅसिफिक महासागरातील सायपान बेटावर आयर्लंडच्या संघाचे शिबिर होते. सरावाचे मैदान खडबडीत होते आणि सरावाचे साहित्य वेळेवर पोहोचले नव्हते. कर्णधार कीनने ह्याविषयीची नाराजी एका आयरिश वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत उघड केली. २३ मे रोजी ती प्रसिद्ध झाली. मॅनेजर मिक मॅकार्थी ह्यांनी सर्व संघाची बैठक बोलावली आणि तीत त्याला जाब विचारला. कीनने त्याच बैठकीत मॅनेजरवर शिव्यांचा भडिमार केला आणि त्याला मायदेशी परत पाठवण्यात आले. खेळाडूने गाऱ्हाणे बाहेर नेले ही पहिली चूक. मॅनेजरने त्याचे उत्तर एकान्ती न मागता सर्वांसमक्ष मागितले ही दुसरी. आयर्लंडचा संघ आपल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूविना खेळला व उपउपान्त्यपूर्व फेरीत स्पेनकडून पेनल्टी किकवर हरला. नंतर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेने करविलेल्या चौकशीच्या अहवालात पूर्वतयारीतील उणिवा मान्य झाल्या आणि संघटनेच्या मुख्य अधिकाऱ्याला राजीनामा द्यावा लागला. कीनचे स्थळ चुकले होते, परंतु त्याच्या गाऱ्हाण्यात तथ्य होते.

ह्या प्रसंगातून लेखाच्या मुख्य मुद्द्याची दुसरी बाजू पुढे येते. अन्यसन्निधीत उच्चारलेले वाक्य अधिकाराला आव्हान ठरते म्हणून त्याचा वक्ता दूर केला जातो. पण वक्त्याबरोबर पुष्कळदा वस्तुस्थितीही दूर होते. मागे राहिलेले खेळाडू त्यातून जो धडा घेतात तो ‘बाहेर बोलू नये’ एवढ्यावर थांबेल ह्याची शाश्वती नसते. ‘बोलूच नये’ असाही ते त्याचा अर्थ करतात. तेव्हा ज्येष्ठ खेळाडूने बाहेर बोलू नये अशी अपेक्षा करणाऱ्या मॅनेजरवर, आत बोललेले ऐकले जाईल अशी जागा राखून ठेवण्याचे दायित्व येते. फर्ग्युसन ह्यांनी कर्णधारपदाच्या रूपाने अशी जागा कीनला दीर्घकाळ दिली होती. सायपानच्या शिबिरात ती नव्हती. गाऱ्हाणे ऐकणारे आत कोणी उरले नाही की ते चव्हाट्याची वाट धरते.

प्रत्येक हकालपट्टीचे कारण केवळ वाणी हेच असते असा दावा येथे नाही. ऑगस्ट २००१ मध्ये याप स्टाम ह्या युनायटेडच्या बचावपटूचे आत्मवृत्त गाजत असतानाच तो इटलीतील लात्सिओ संघाला विकला गेला. पुस्तकामुळे विकले नाही असे फर्ग्युसन ह्यांचे म्हणणे होते, आणि तो व्यवहार चूक होती हेही त्यांनी पुढे कबूल केले. वय, दुखापती, पैसा ही कारणे वाणीशी गुंतलेली असतात आणि कीनच्या बाबतीतही ती होती. तथापि खेळाडू नेमका कोणत्या क्षणी गेला असे विचारले असता त्या क्षणापाशी बहुधा एखादे वाक्य उभे असलेले दिसते. त्या वाक्याचा अभ्यास करताना वक्ता कोण व शब्द कोणते एवढे पाहून पुरत नाही. ते ऐकावयास तिसरे कोण उभे होते हे विचारावे लागते. ज्या ज्या संस्थेत अधिकारी एक आणि अनुभवी माणसे अनेक असतात तेथे, विद्यापीठांचे विभागही त्यांत आले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.