आळस नव्हे, डिप्रेशन!

मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

"यार, डिप्रेशन आलंय!" सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर हे रोज ऐकू येतं. बहुतेक वेळा ते टेन्शन असतं. पेपर संपला की जातं. डिप्रेशन तसं जात नाही.

माझं गाव असोदा, जळगावजवळ. तिथली भरताची वांगी प्रसिद्ध. गेल्या हिवाळ्यात आजीने भरीत आणि कळण्याची भाकरी केली. मी दोन घास खाऊन उठले. आजी म्हणाली, "काहून वं, तुले भरीत बी नाही आवडत आता?" भरीत नेहमीसारखंच होतं, मलाच महिनाभर कशाची चव नव्हती. पहाटे साडेतीनला जाग यायची, एकच ओळ चारदा वाचायची, अंघोळ म्हणजे डोंगर! मैत्रिणी म्हणायच्या, आळशी झालीस. अहो, आळशी माणसाला लोळण्यात मजा तरी येते!

डॉक्टरांनी सांगितलं, दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज मन उदास असेल किंवा कशातच रस नसेल आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर तपासून घ्यायचं. कारण एकच नसतं. सिव्हिलवाले लोड कॉम्बिनेशन काढतात ना, तसंच. आनुवंशिकता, एखादं दुःख, दारू, एटीकेटी... थायरॉईडनेही असं होतं, म्हणून माझं आधी रक्त तपासलं.

बहिणाबाई चौधरी आमच्या असोद्याच्या, जन्म १८८०. 'मन' ही कविता त्यांचीच. पण त्याच गावात "नजर लागली असेल" आणि "कुणाला सांगू नको" हेच ऐकलं. एरवी पोरीची साधी सर्दीही गल्लीभर होते!

गोळ्यांनी पहिले दोन-तीन आठवडे काही फरक पडला नाही, मी सोडणारच होते. त्या मनाने बंद करायच्या नसतात. दुसरं म्हणजे मूड यायची वाट न बघता छोटं काम आधी करायचं. गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत ट्रेनिंग घेतलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या माणसांनी पेशंटकडून सहा-आठ बैठकांत हेच करून घेतलं. त्याचा फायदा झाल्याचं २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मी भूक असो-नसो, आठला मेसमध्ये जायला लागले. रूममेट ओढून न्यायची.

जीव नकोसा वाटत असेल तर मात्र थांबू नका, रेक्टरना उठवा किंवा १४४१६ लावा. टेलीमानस, २०२२ पासूनची सरकारी हेल्पलाईन, फुकट, चोवीस तास, मराठीतही.

परवा मेसच्या वांग्याच्या भाजीला मी मनसोक्त नावं ठेवली. रूममेट हसून म्हणाली, "चव कळायला लागली वाटतं."