जुन्या मोटारीचा लपंडाव

सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होणारी मोटार दुपारी मंडईबाहेर किल्लीला दादच देत नाही. मालक घामाघूम होतो, आणि दहा मिनिटांनी तीच गाडी काहीच घडले नसल्यासारखी सुरू होते. गॅरेजमध्ये तर ती अगदी शहाण्यासारखी वागते. पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून जपलेल्या, कार्बोरेटरवर चालणाऱ्या मारुती ८०० सारख्या गाड्यांच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. मग अंदाजाचा खेळ सुरू होतो. आधी बॅटरी बदलली जाते, मग स्टार्टर, मग कॉइल. हजारो रुपये खर्च होतात आणि दोष जागच्या जागी राहतो.

असा अधूनमधून उद्भवणारा दोष गाडी सुरळीत असताना सहसा सापडत नाही. तो हजर असेल त्या दोन-चार मिनिटांतच त्याचा माग काढावा लागतो. म्हणूनच त्या क्षणी बॉनेट उघडून दिसेल ती तार हलवण्याची घाई नडते. सैल जोड हलतो, गाडी सुरू होते आणि पुरावा नाहीसा होतो.

त्याऐवजी प्रथम कान द्यावा. किल्ली फिरवल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पेट घेत नाही, की ते फिरतच नाही? या एका प्रश्नाच्या उत्तरावर निम्मा तपास अवलंबून असतो.

इंजिन फिरतच नसेल तर हेडलाइट लावून पुन्हा किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले किंवा विझले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे जोड खराब आहेत. दिवे तसेच प्रखर राहिले आणि ‘टक्’ असा आवाजही आला नाही, तर स्टार्टरला हुकूमच पोहोचत नाही. अशा वेळी इग्निशन स्विच, सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार किंवा बाहेरून बसवून घेतलेला चोर-अलार्म यांवर संशय घ्यावा. अलार्म बसवताना मूळ तार कापून मारलेला ओबडधोबड जोड काही वर्षांनी दगा देतो, हे ऑटो इलेक्ट्रिशियन चांगलेच जाणतात. ‘टक्’ होते, दिवे मंदावत नाहीत आणि इंजिनही हलत नाही, तर सोलेनॉइडचे संपर्कबिंदू किंवा स्टार्टरचे ब्रश झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठीक’ हा समज येथे फसवतो. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर प्रवाह घेतात. लहान गाडीच्या स्टार्टरला मात्र १०० अँपिअरच्या आसपास लागतो. टर्मिनलवरच्या पांढऱ्या भुकटीमुळे एका ओहमच्या विसाव्या भागाइतका अडथळा निर्माण झाला, तर दिव्यांच्या वाटेत अर्धाच व्होल्ट हरवतो. स्टार्टरने पूर्ण प्रवाह मागताच त्याच जागी ५ व्होल्ट गडप होऊ पाहतात, आणि उरलेल्या दाबावर स्टार्टर इंजिन फिरवू शकत नाही.

हा चोर पकडायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवावे आणि दुसऱ्या कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगावे. आकडा जवळजवळ शून्य हवा. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची केबल किंवा तिचे जोड सदोष आहेत. विसावलेली, पूर्ण भारित बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर बॅटरीचीच तपासणी करून घ्यावी.

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत आणखी एक सोय असते. धक्का देऊन, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडल्यावर ती लगेच सुरू झाली आणि नीट चालली, तर ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक आहेत. दोष सेल्फच्या वाटेवर आहे. अर्थात हे सपाट, मोकळ्या रस्त्यावरच करावे. इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतात, त्यामुळे घाटाच्या उतारावर हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

इंजिन फिरते पण पेट घेत नाही, अशा वेळी हवामान बरेच काही सांगून जाते. पावसाळी सकाळी अडणाऱ्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल किंवा बारीक तडा असू शकतो. ती उन्हात, लांबच्या प्रवासानंतर थांबल्यावर अडत असेल, तर तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा पेट्रोलच्या नळीत झालेली वाफ, हे दोन संशयित. त्यांची निवड गाडी गार होण्यापूर्वीच करावी लागते. प्लगवर ठिणगी पडते की नाही, हे मेकॅनिकने त्याच वेळी, पेट्रोलपासून दूर, पाहायला हवे. ठिणगी नसेल तर कॉइल आणि तिच्या तारा तपासाव्यात. ठिणगी चांगली असेल तर कॉइलला हात न लावता पेट्रोल पंपाकडे आणि एक्झॉस्टजवळून गेलेल्या नळीकडे वळावे.