कोळसा जाईल, तेव्हा जागा कोण देणार?

हजार लिटरची पाण्याची टाकी अनेकांच्या गच्चीवर असते. तेवढं पाणी मुळशीच्या जलाशयातून काढलं, सह्याद्रीच्या पोटातून नेऊन सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं, तर किती वीज मिळेल? साधारण सव्वा युनिट. एवढीच वीज औष्णिक केंद्रात करायची, तर आपल्याकडच्या राखेने भरलेल्या कोळशापैकी पाऊण किलोच्या आसपास जाळावा लागतो आणि किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मुळशीच्या पाण्यामागे राख नाही, धुराडं नाही. इंधनाचं बिलही नाही, कारण इंधन पावसाळ्यात आभाळातून येतं.

एवढ्यावर थांबलं तर कोळसा सोडणं फार सोपं वाटतं. मुळशीत ते कसं घडलं हे पाहिलं की तसं वाटत नाही.

आधी भूगोल. सह्याद्रीची पूर्वेची बाजू हळूहळू उतरते, पश्चिमेची एकदम तुटते. मुळा नदी या पूर्व उतारावर उगम पावते. तिचं पाणी भीमेतून कृष्णेला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातं. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून ही वाट अडवली आणि पाण्याला बोगद्यातून उलट, पश्चिमेला वळवलं. आता ते कड्यावरून नळांतून भिऱ्याला पडतं, वीज करून कुंडलिकेत उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला राफ्टिंग करणारे पर्यटक ज्या फेसाळ पाण्यावर ओरडत जातात, ते बहुतांशी भिऱ्याहून सोडलेलं असतं, म्हणजे मूळचं पूर्वेचं. हे वळवणं लहान नाही. कृष्णा खोऱ्याच्या वाटपात बच्छावत लवादाने टाटांच्या घाटावरच्या सगळ्या वीजप्रकल्पांना मिळून वर्षाला सरासरी सुमारे ४२ टीएमसी पाणी पश्चिमेला नेण्याची मुभा दिली. हे पाणी पूर्वेला परत द्या, ही दुष्काळी भागाची जुनी मागणी आहे.

हे सगळं उभारलं गेलं तेही कोळशाला पर्याय म्हणूनच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत आणि त्यासाठीचा कोळसा दुरून आणावा लागे. घाटावर कोसळणाऱ्या पावसातून वीज काढायची ही जमशेटजी टाटांच्या काळातली कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर प्रत्यक्षात आली. १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा सुरू झालं. आजच्या भाषेत याला ऊर्जा संक्रमण म्हणतील. मुंबईसाठी ते खरोखरच तसं होतं.

मुळशी पेट्यासाठी ते काय होतं? धरणाच्या पोटात जाणार होती ती खोऱ्याच्या तळाची भातखाचरं, आंबेमोहोर पिकवणारी. सुमारे पन्नास गावं त्या पट्ट्यात होती. टाटा कंपनीच्या माणसांनी खाचरांत चाचणीचं खोदकाम सुरू केलं, तेव्हा मावळ्यांना कोणी विचारलेलं नव्हतं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, हजाराहून जास्त लोक कामाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबलं. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट ही पुढारीपणाची नावं. बापटांना ‘सेनापती’ म्हणू लागले ते याच लढ्यात. शिवराम महादेव परांजपे यांनाही मुळशीपायी तुरुंग झाला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त टाटांना सुचवलं की कायद्याच्या हक्कावर अडून बसू नका, लोकांशीच बोला. तसं झालं नाही. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला, सत्याग्रह १९२४ पर्यंत रेटत गेला आणि संपला. धरण झालं.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर सविस्तर लिहिलं आहे. धरणाविरुद्धचं जगातलं पहिलं आंदोलन असं त्यांनी त्याला म्हटलं. त्या इतिहासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग वीरश्रीचा नाही, कागदाचा आहे. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या. कसणारा मावळा कूळ होता. सावकाराला जमीन म्हणजे रक्कम, त्यामुळे चांगला मोबदला मिळाला की त्याचा विरोध मावळायचा. कुळाला मात्र मोबदल्यात सांगण्यासारखं काही मिळणार नव्हतं. आणि कुळाच्याही खाली एक पायरी होती. लावणी करणाऱ्या, सरपण-पाणी आणणाऱ्या बाईचं नाव सावकाराच्या वहीतही नव्हतं आणि कुळाच्या नोंदीतही नव्हतं. त्याही खाली कातकरी. खैराचा काथ काढणारी, नदीतले मासे आणि रानातले कंद यांवर जगणारी ही जमात जमिनीच्या हिशेबात बसतच नव्हती.

म्हणजे यंत्रणा अशी चालते: नुकसान कामाच्या साखळीत खालपर्यंत जातं, भरपाई कागदाच्या साखळीत वरच थांबते. कोळसा असो, पाणी असो, ऊन असो, यात फरक पडत नाही.

बायकांच्या बाजूची नोंद वेगळ्या ठिकाणी झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरात गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे तो संग्रह राज्यभर वाढून एक लाखाच्या पलीकडे गेला. त्या गोळा करणाऱ्या, लिहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांत मुळशीच्या खेड्यांतल्या बायकाच होत्या. विकासाच्या अहवालात ‘लाभार्थी’ म्हणून येणारी बाई इथे स्वतः नोंद करणारी झाली. हा फरक पुढे ग्रामसभेपाशी कामाला येतो.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत सगळ्या देशांनी जीवाश्म इंधनांपासून दूर जायचं असं पहिल्यांदा एकत्र मान्य केलं. पण कोळशाचं केंद्र बंद करणं म्हणजे फक्त तेवढे मेगावॉट दुसरीकडून आणणं नव्हे. सौर वीज दुपारी भरपूर असते आणि सगळ्यांचे दिवे, पंखे, मिक्सर एकदम लागतात संध्याकाळी सातनंतर. दुपारची वीज रात्रीसाठी ठेवायची कुठे? एक उत्तर बॅटरी. दुसरं उत्तर पुन्हा सह्याद्रीच.

त्याला पंप्ड स्टोरेज म्हणतात. एक तलाव कड्यावर, एक खाली. दुपारी स्वस्त वीज वापरून खालचं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडून वीज काढायची. मघाची हजार लिटरची टाकी वर चढवायला दीड युनिटाहून थोडी जास्त वीज लागते आणि उतरताना सव्वा युनिट परत मिळते. म्हणजे हा वीज तयार करण्याचा कारखाना नाही. यात पाचातला एक भाग वीज खर्चीच पडते. तो आपण वेळ विकत घेण्यासाठी मोजतो. भिऱ्याला असा १५० मेगावॉटचा एक संच १९९० च्या दशकापासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र सरकार यांनी २,८०० मेगावॉटच्या दोन प्रकल्पांचा करार केला: मुळशीशेजारच्या मावळ तालुक्यात शिरवत्याला १,८००, रायगडमध्ये भिवपुरीला १,०००, गुंतवणूक सुमारे १३,००० कोटी रुपये. घाटमाथ्यावर आणखी बऱ्याच ठिकाणी असे तलाव होऊ शकतात, कारण उंचीचा फरक जिथे एकदम मिळतो ती जागा हीच आहे.

मला हे तंत्र आवडतं, हे सांगून टाकतो. कोळसा घालवायचा असेल तर असे तलाव लागतील. पण घाटमाथा रिकामा नाही. तिथे कातकरी, महादेव कोळी, ठाकर आहेत, गवळी धनगरांचे वाडे आहेत, देवराया आहेत. मुळशी तालुक्यातच मोसे खोऱ्यात लवासा शहर उभं राहताना आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या, यावरून वर्षानुवर्षं भांडण झालं, आणि त्यात बोलायला पुढे आल्या त्यांत बायका होत्या. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं ते पर्यावरण परवानगीच्या मुद्द्यावर. जमिनीचा प्रश्न त्याने सुटला नाही.

मग प्रकल्पाआधी लोकांना ‘विचारणं’ प्रत्यक्षात कसं चालतं? जगातलं एक उदाहरण इथे उपयोगी आहे. इक्वेडोरच्या अॅमेझॉनमधल्या वाओरानी लोकांनी नेमोंते नेंकिमो या तरुण पुढारी बाईच्या नेतृत्वाखाली सरकारला कोर्टात खेचलं. मुद्दा तेल चांगलं की वाईट हा नव्हता. तेलाच्या पट्ट्यांच्या लिलावाआधी आम्हाला विचारल्याचं तुम्ही म्हणता, ते विचारणंच खोटं होतं, असा त्यांचा दावा होता. एप्रिल २०१९ मध्ये कोर्टाने तो मान्य केला आणि सुमारे पाच लाख एकर जंगल लिलावातून वाचलं. ऑगस्ट २०२३ मध्ये यासुनीच्या जंगलातलं तेल जमिनीतच राहू द्यावं, या बाजूने देशभरातल्या सुमारे ५९ टक्के मतदारांनी कौल दिला. आपल्याकडे तेच २०१३ मध्ये ओडिशात नियमगिरीला झालं. खाण बॉक्साइटची होती, पण हत्यार ग्रामसभेचं: सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बाराही ग्रामसभांनी नकार दिला.

मुळशीत हे हत्यार अर्धंच आहे. आदिवासी ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा पेसा कायदा फक्त अनुसूचित क्षेत्राला लागू होतो आणि पुणे जिल्ह्यात ते क्षेत्र जुन्नर-आंबेगावकडे आहे. मुळशीतला कातकरी आदिवासी आहे, त्याचं गाव मात्र अनुसूचित नाही. त्याच्या हाती उरतो २००६ चा वनहक्क कायदा, जो सगळीकडे लागू आहे.

तो असा चालतो. आधी ग्रामसभा वनहक्क समिती निवडते. तिच्यात किमान एक तृतीयांश बायका हव्यात. वैयक्तिक दाव्याचा एक नमुना, सामूहिक हक्कांचा दुसरा, आणि गावाने राखलेल्या अख्ख्या जंगलाच्या व्यवस्थापनाचा तिसरा. हा तिसरा सर्वांत वजनदार, आणि बहुतेक गावं तोच भरत नाहीत. पुरावा म्हणून नुसते सरकारी कागदच लागतात असं नाही. दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा चालतात. रानातली कुठली वाट कोणत्या झऱ्याला जाते, हे सत्तर वर्षांची म्हातारी सांगते, तेव्हा तो कायद्याने पुरावा असतो. हक्क मान्य झाला की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो. १९२१ च्या कागदात जिचं नाव नव्हतं, तिचं इथे येतं.

खाचखळगे आहेत. आदिवासींनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतं, पण गवळी धनगरांसारख्या बिगर-अनुसूचित वनवासींना त्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती सिद्ध करावी लागते. धरणाने वर ढकलल्या गेलेल्या माणसांना हे सोपं नाही. कधी वर आलो याचा कागद कुणी दिलेलाच नसतो. कातकरी केंद्राच्या यादीत अतिअसुरक्षित आदिम गटात येतात, त्यामुळे त्यांना अख्ख्या अधिवासाचा हक्क मागता येतो. पण काथाचं काम गेल्यावर पुष्कळ कातकरी कुटुंबं उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि लाकडी कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ग्रामसभा जानेवारीत भरली तर वाडी रिकामी. कोळसामुक्तीच्या चर्चेत या कोळशाचं नाव कुणी घेत नाही. खाणीतला नसला तरी तो उचलीत अडकलेल्या माणसांनी जाळलेला असतो.

चुलीचाही प्रश्न असाच चर्चेबाहेर राहतो. डोंगरातली बाई सरपण वापरते, म्हणजे जीवाश्म इंधन जवळजवळ वापरतच नाही, आणि धूर मात्र तिच्याच छातीत. तिला आपण गॅस देतो, जो जीवाश्म इंधनच आहे. तिने तो घ्यावा. संक्रमणाची सुरुवात तिच्यापासून करायची नसते. बायकांना ऊर्जेच्या व्यवहारात ग्राहक न ठेवता विक्रेत्या केलं की काय होतं, ते प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने मराठवाड्यात दाखवलं. सौर दिवे, सुधारित चुली विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या ग्रामीण बायका तिने तयार केल्या. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान संस्थेने त्या कामाचा गौरव केला.

आता नव्या तलावासाठी वनजमीन हवी झाली, तर वनहक्कांचा निकाल आधी लागायला हवा आणि ग्रामसभेची संमती हवी, असं केंद्राचं २००९ चं परिपत्रक सांगत होतं. २०२२ च्या नियमांनी क्रम सैल केला: केंद्राची मंजुरी आधी, हक्कांची पूर्तता राज्य सरकार नंतर पाहील. खासगी जमिनीसाठी २०१३ चा भूसंपादन कायदा खासगी कंपनीला ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती घ्यायला लावतो, पण २०१८ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात काही वर्गांतले प्रकल्प त्यातून सुटले. आणि कंपनीने एकेका सातबारावाल्याकडून थेट खरेदी केली, तर संमतीचा प्रश्नच येत नाही. १९२१ चा सावकार असता, तर त्याने हीच वाट पसंत केली असती.

म्हणून ग्रामसभेचा ठराव वेळेवर आणि नियमाने होणं महत्त्वाचं. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. नाहीतर ठराव कोसळतो, मग तो होकाराचा असो की नकाराचा. भात लावणीच्या दिवसांत सकाळी अकराला सभा ठेवली की बायका येत नाहीत, हे सभा ठेवणाऱ्याला माहीत असतं. हजेरीवहीत अंगठे नंतर गोळा होतात. ती वही मागून पाहता येते, माहितीच्या अधिकारातही.

मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण जनसुनावणीही लागते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते, चित्रीकरण करावं लागतं आणि अहवालाचा गोषवारा मराठीत द्यावा लागतो. त्यात पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. बुडिताचा नकाशा आणि त्यात वाडीचं नाव आहे का. रस्ता, मुरूम आणि वीजवाहिनीचे मनोरे कुठून जाणार, कारण तलावापेक्षा पुष्कळदा त्यांनाच जास्त जमीन लागते. खालच्या तलावाचं पाणी पहिल्यांदा भरायला कुठल्या नदीतून आणि कुठल्या महिन्यात घेणार. भूमिहीनांना काय, म्हणजे ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांची यादी केली आहे का, आणि ती कोणी केली. गोषवारा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत ठेवलेला असतो. घाटमाथ्यावरच्या वाडीतून तिथे जाऊन यायला एक अख्खा दिवस आणि एका दिवसाची मजुरी जाते, म्हणून तो वाडीवर आणून मोठ्याने वाचून दाखवायची मागणी सूचना निघाल्याच्या पहिल्या आठवड्यातच लेखी करावी लागते.