विश्लेषण : इमारत ‘सी-१’ ठरली म्हणून घर रिकामे केले, तर हक्क जातो का?

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महापालिका अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. प्रवेशद्वारावर नोटीस लागते, पाणी आणि वीज तोडण्याचा इशारा दिला जातो. तरीही अनेक कुटुंबे घर सोडत नाहीत. छत कोसळण्याची भीती असतेच. पण एकदा बाहेर पडलो की घर कायमचे गेले, ही भीती त्याहून मोठी असते. कायदा याबाबत काय सांगतो?

‘सी-१’ म्हणजे काय?

पालिका इमारतींची चार श्रेणींत विभागणी करते. ‘सी-१’ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी. ‘सी-२ए’मध्ये काही भाग रिकामा करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती करावी लागते, ‘सी-२बी’मध्ये घर न सोडता दुरुस्ती होते, तर ‘सी-३’मध्ये किरकोळ डागडुजी पुरते. शहर भागातील ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती मात्र म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आहे.

इमारतीची तपासणी कशी होते?

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३ ‘ब’नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची पात्र संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी लागते. नुसती भेग पाहून निष्कर्ष काढता येत नाही. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजतात. आत पोकळी असेल तर वेग घटतो. हाफ-सेल चाचणीतून सळया गंजण्याची शक्यता कळते. कोअर चाचणीत काँक्रीटचा दंडगोलाकार तुकडा काढून प्रयोगशाळेत त्याची ताकद तपासली जाते.

अहवाल मान्य नसेल तर?

मालकाने पुनर्विकासाच्या लोभापायी इमारत धोकादायक ठरवून घेतली, असा रहिवाशांचा आक्षेप अनेकदा असतो. अशा वेळी त्यांना स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल सादर करता येतो. दोन अहवालांत तफावत असेल तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्याच्या आदल्याच वर्षी, २७ सप्टेंबर २०१३ रोजी, माझगावच्या बाबू गेनू मंडईतील इमारत कोसळून ६१ जणांचा मृत्यू झाला होता. ती इमारत पालिकेच्याच मालकीची होती आणि तिथे पालिका कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती.

घर सोडल्यावर हक्काचे काय?

रिकामी करण्याची नोटीस कलम ३५४ खाली निघते. या कारवाईमुळे मालक, भाडेकरू आणि रहिवासी यांचे परस्परांतील हक्क बाधित होत नाहीत, अशी तरतूद याच कलमात आहे. पुन्हा राहायला येण्याचा हक्कही त्यात येतो. ‘शहा रतनसी खिमजी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये हेच स्पष्ट केले. भाडेपट्टा केवळ भिंतींचा नसतो, जमिनीचाही असतो. त्यामुळे वास्तू पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही.

मग अडचण कुठे?

हक्क टिकतो, पण नवी इमारत कधी उभी राहील हे कलम ३५४ सांगत नाही. तोवर राहण्यासाठी पर्यायी घर देण्याचे बंधनही त्यात नाही. मालक आणि भाडेकरूंचा वाद न्यायालयात गेला की वर्षे सरतात आणि घरभाड्याचा बोजा कुटुंबावर पडतो. नोटीस हातात असूनही लोक त्याच छताखाली राहतात, ते यामुळे.

रहिवाशांनी काय करावे?

इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे चटई क्षेत्रफळ मोजून रहिवाशांची यादी करणे पालिकेवर बंधनकारक आहे. त्या यादीत आपले नाव आणि क्षेत्रफळ अचूक आहे का, हे तपासून तिची प्रत घ्यावी. भाडेपावत्या, वीजबिले आणि नोटिशीची प्रत सोबत न्यावी. पुनर्विकासाच्या वेळी कोणाचे किती घर होते, याचा पुरावा म्हणून हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.