अंतर आणि अवधी : बिरसी ते शमशाबाद

“हैदराबाद गोंदियापासून सव्वा तासावर आहे” हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. अर्थदृष्ट्या मात्र त्यात दोन भिन्न राशींची गल्लत होते. ‘पाच मैलांवर’ आणि ‘पाच तासांवर’ या दोन्ही प्रयोगांत मराठी ‘वर’ हे एकच शब्दयोगी अव्यय योजते. त्यामुळे अंतर व अवधी ही एकच वस्तू असल्याचा भास होतो. हा भास कोठे खरा ठरतो व कोठे फसतो, हे येथे पाहावयाचे आहे.

पायी प्रवासाच्या काळी तो बहुतांशी खरा होता. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ म्हणजे हाक यापासून आला. ‘हाकेच्या अंतरावर’ या वाक्प्रचारात तीच कल्पना आजही जिवंत आहे. ‘मजल’ हा मूळचा अरबी शब्द. मराठीत त्याचा अर्थ एका दिवसाची चाल असा झाला. चालणाऱ्याचा वेग जवळजवळ ठरलेला असल्याने मजल सांगितली की अंतर आणि अवधी दोन्ही कळत.

हवाई अंतराचे माप मनुष्याच्या चालीवर वा आवाजावर नव्हे, तर पृथ्वीच्या आकारावर अवलंबून आहे. भूगोलाच्या केंद्रातून जाणारे प्रतल भूपृष्ठावर जे वर्तुळ आखते ते बृहद्वृत्त. त्यावरील कंस हाच दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग होय. गोंदिया जिल्ह्यातील बिरसी विमानतळ सुमारे 21.5 उत्तर अक्षांश व 80.3 पूर्व रेखांश येथे आहे. हैदराबादजवळील शमशाबादचा विमानतळ सुमारे 17.2 उत्तर व 78.4 पूर्व येथे. यांमधील बृहद्वृत्तीय अंतर सुमारे 515 किलोमीटर, म्हणजे 278 सागरी मैल भरते. सागरी मैल ही मूलतः भूकेंद्राशी एका कलेचा कोन करणाऱ्या कंसाची लांबी होय.

अवधीचे मात्र तसे नाही. अशा पल्ल्यावरील टर्बोप्रॉप विमानाचा वेग ताशी सुमारे 500 किलोमीटर धरला, तर वारा नसताना हे अंतर 62 मिनिटांत तोडले जाईल. ताशी 50 किलोमीटरचा वारा समोरून आल्यास 69 मिनिटे लागतील. तोच पाठीशी असल्यास 56. धावपट्टीपर्यंतची चाल, चढण व उतरण यांचा वेळ निराळा. त्यात घरापासून बिरसीपर्यंतचा रस्ता, उड्डाणापूर्वीची प्रतीक्षा आणि शमशाबादहून शहरापर्यंतचे सुमारे 24 किलोमीटर मिळविले, की ‘सव्वा तास’ सहज चार तासांवर जातो.

याहूनही महत्त्वाचा मुद्दा सेवेचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झालेल्या बिरसीच्या धावपट्टीवरून 13 मार्च 2022 रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. पुढे ती खंडित झाली. 1 डिसेंबर 2023 रोजी हैदराबादशी हवाई संबंध पुन्हा जोडला गेला. मधल्या काळात 515 किलोमीटरांत रेसभरही फरक पडला नाही. पण आरंभीचे वाक्य तेवढ्या काळापुरते खोटे झाले होते.

बोलीभूगोलाच्या अभ्यासकाने यातून एक बोध घ्यावा. दोन गावांतील भाषासंपर्क नकाशावरील अंतराने ठरत नाही. लोक प्रत्यक्षात किती वेळात व किती वेळा ये-जा करतात यावर तो ठरतो. म्हणून निवेदक ‘तासावर’ म्हणतो तेव्हा केवळ आकडा टिपून भागत नाही. कोणत्या वाहनाने, कोणत्या वर्षी आणि कोणासाठी, हेही टिपले पाहिजे.